रोजचा दहावा क्लिक

"बाई, संपले," हेमा दारातूनच म्हणाली.

मी गॅसवर चहाचं आधण ठेवत होते. घड्याळात सकाळचे सव्वासात वाजले होते.

"काय संपलं?"

"आजचे पन्नास रुपये. अजून अर्ध्या साताऱ्यानं दात घासले नसतील आणि माझी जाहिरात बंद पडली."

"फोन किती आले?"

"एकही नाही." तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला. "दहा क्लिक, शून्य फोन. कालही असंच. काल तर सात दहालाच संपले होते."

मी आधणात तिच्या वाटचं पाणी वाढवलं. हेमा बाबर माझी जुनी विद्यार्थिनी आणि शेजारच्या सुभेदारांची मुलगी. शाळेत असताना गणिताच्या पेपरात ती अशीच हताश होऊन बसायची आणि मग एकदम सगळं सोडवून टाकायची. म्हणून मला तिची काळजी नव्हती. काळजी होती ती तारखेची.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. हेमा तेव्हा चोवीस वर्षांची होती. बी. एस्सी. झाल्यावर ती महाबळेश्वरच्या बाजूला राहून मधमाश्यांचं काम शिकून आली होती. एखाद्या इमारतीला आग्या मोहोळ लागलं की लोक घाबरून टेंभा पेटवतात, निम्म्या माश्या जळतात आणि उरलेल्या गल्लीभर सूड उगवत फिरतात. हेमा तसं करत नसे. आग्या माश्यांना ती बेताचा धूर देऊन उठवायची, आणि लहान सातेरी माश्या असल्या तर पोळ्यासकट पेटीत भरून मधपाळांकडे पोचवायची. एकही माशी न मारता पोळं काढून द्यायचं, हाच तिला धंदा करायचा होता.

सुभेदारांना हे मान्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. घरातसुद्धा हुकूम द्यायचे. पतसंस्थेच्या चेअरमनना सांगून त्यांनी हेमासाठी काउंटरवरची नोकरी पक्की केली होती, एक मार्चपासून. हेमा रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. तेव्हा त्यांनी माझ्याच व्हरांड्यात, मला साक्षीला बसवून, अट घातली.

"अठ्ठावीस फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजेपर्यंत दहा पोळी. नात्यातली नाहीत, ओळखीची नाहीत. अनोळखी माणसानं आपणहून फोन केला पाहिजे. दहा झाली तर मी चेअरमनना नाही म्हणून कळवतो. नऊ झाली तर एक तारखेला काउंटरवर हजर. मंजूर?"

"मंजूर," हेमा म्हणाली.

"बाई, तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं, सुभेदार."

अनोळखी माणसाला गाठायचं कसं, तर गूगलवर जाहिरात देऊन, हे हेमानं ठरवलं. आम्ही दोघींनी दोन दिवस बसून त्याचे व्हिडिओ पाहिले. मला तो प्रकार फार आवडला. कोणी माणूस "पोळं काढणारे" असं शोधायला गेला, की उत्तरांच्या वर आपली जाहिरात दिसते. नुसती दिसली तर पैसे पडत नाहीत. त्यानं बोटानं दाबून आपलं पान उघडलं, की पैसे जातात. आमच्या जाहिरातीला एका क्लिकचे कधी साडेचार, कधी साडेपाच, सरासरी पाच रुपये पडत. हेमाकडे साठवलेले जे होते त्यातून रोज पन्नासच निघत होते. म्हणजे दिवसाला दहा क्लिक. ते झाले की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब.

जाहिरातीचा मजकूर मी लिहून दिला. पहिल्या ओळीत फक्त तीस अक्षरं बसतात म्हटल्यावर मला शाळेतलं सारांशलेखन आठवलं आणि माझ्या अंगात आलं. तीन तारखेला दुपारी बाराला आम्ही जाहिरात सुरू केली.

पहिला फोन लातूरहून आला. "ताई, शुद्ध मध दोन किलो पाहिजे."

दुसरा नाशिकहून. एका बाईला माशी चावली होती आणि काय लावू म्हणून त्या ओरडून विचारत होत्या. मी फोन घेऊन त्यांना गार पाणी लावायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तिसरा फोन एका मुलाचा. त्याला मधमाशीवर प्रकल्प लिहायचा होता आणि तो आम्हीच लिहून द्यावा अशी त्याची अपेक्षा होती.

"आपण सगळ्या महाराष्ट्राला आवतण दिलंय गं," मी हेमाला म्हटलं.

मग आम्ही सुधारलो. जाहिरात फक्त सातारा आणि आसपासच्या भागात दिसेल असं केलं. "मध", "चावली", "प्रकल्प", "माहिती" हे शब्द कोणी शोधताना लिहिले तर आपली जाहिरात दाखवू नये, अशी यादी दिली. एवढं सगळं नीट केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. दहा क्लिक, शून्य फोन, सव्वासातला दुकान बंद.

"कोणीतरी मुद्दाम करतंय, बाई," चहा पिता पिता हेमा म्हणाली.

"कोण करणार?"

तिनं मोबाइलवर दाखवलं. आमची जाहिरात दिसायची त्याच्या वर एक जाहिरात कायम असे. मुलाणी पेस्ट कंट्रोल, पोवई नाका. झुरळ, ढेकूण, वाळवी, मधमाशी.

"हाच," हेमा म्हणाली. "सकाळी उठतो, माझ्यावर दहा वेळा दाबतो, मला संपवतो आणि दिवसभर एकटा राज्य करतो."

मला ते पटलं. इतकं पटलं, की संध्याकाळच्या वर्गात मी मुलांनाही सांगितलं.

माझा वर्ग म्हणजे व्हरांड्यातल्या सतरंजीवर बसणारी कॉलनीतली नऊ मुलं. पाचवी ते सातवी. फी नव्हती, पण गृहपाठ रोज होता. तो मी चाळीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. मुलांना या जाहिरातीचं भारी कौतुक. पन्नास भागिले पाच, शेकड्यात किती, सरासरी किती, सगळं मी त्यातूनच शिकवत होते.

ओजस नावाचा एक पाचवीतला मुलगा होता. त्याला भागाकार येत नसे, पण सूड लगेच सुचे.

"बाई, आपण पण त्या मुलाणीवर दाबू या ना! नऊ जण आहोत. त्याला पण सव्वासातला झोपवू."

"ओजस," मी म्हटलं, "दुसऱ्यानं वाईट वागलं म्हणून आपण वागायचं का?"

"नाही, बाई," सगळे एका सुरात म्हणाले. एकटी गौतमी कांबळे गप्प राहिली. सहावीतली गौतमी कुठल्याच सुरात सामील व्हायची नाही. ती आधी विचार करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी एकटीच मोबाइल उघडला, मुलाणींची जाहिरात शोधली आणि दाबली.

खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. त्यांचं पान उघडलं, त्यावर उताणं पडलेलं झुरळ होतं. मी ते मिटलं आणि पोहे करायला घेतले. एकच, असं मी स्वतःला बजावलं होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही एकच. असे चार दिवस माझे चार एकच झाले.

दहा तारखेला संध्याकाळी मी गृहपाठाच्या वह्या तपासायला घेतल्या. आठवड्याचा हा गृहपाठ मी एकदमच तपासणार होते, कारण रोजचं काम थोडंच होतं: 'हेमाताईची जाहिरात शोधा. ती कितव्या जागी दिसली ते लिहा. मग ती उघडून आतलं एक वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून काढा.' शुद्धलेखनाचं शुद्धलेखन आणि ज्ञानाचं ज्ञान. हा गृहपाठ सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

पहिली वही ओजसची. मंगळवार, दुसऱ्या जागी. बुधवार, दुसऱ्या जागी. खाली तिरपं वाक्य. मी लाल पेनानं 'छान' लिहिलं. दुसरी वही. 'छान.' तिसरी. चौथ्या वहीत मुलीनं वेळही टाकली होती: सकाळी सात वाजता, बाबांच्या मोबाइलवर, बाबा आंघोळीला गेल्यावर.

पाचव्या वहीवर 'छा' लिहून माझं पेन थांबलं.

समोर गौतमी बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"जाहिरात उघडली की पैसे जातात ना?"

"हो."

"मग गृहपाठ केला की कोणाचे जातात?"

सतरंजीवर नऊ मुलं. नऊ घरं. नऊ बाबा आंघोळीला. सात ते सव्वासात.

"तुला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"गुरुवारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गृहपाठ नको म्हणायला सगळेच काहीतरी कारण काढतात, असं तुम्हीच म्हणता ना, बाई."

मी उठले, आत जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन म्हटलं, "मुलांनो, आजपासून हा गृहपाठ बंद. हेमाताईचे सात दिवस कोणी खाल्ले, माहितेय? तुमच्या बाईंनी."

मुलं एवढी हसली की ओजस सतरंजीवर आडवा झाला. हेमाला बोलावून मी तिच्यादेखत पुन्हा सगळं सांगितलं. ती आधी माझ्याकडे, मग वह्यांकडे बघत राहिली.

"बाई, तुम्ही त्यावर 'छान' लिहिलंय," ती म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना.

"पण आम्ही नऊच आहोत," गौतमी मध्येच म्हणाली. "क्लिक रोज दहा व्हायचे."

"एखादं खरं गिऱ्हाईक असेल," मी म्हटलं.

"म्हणजे मुलाणीकाकांनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"बरं झालं मग, आपण नाही दाबलं ते."

त्या वाक्यानं मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी पोवई नाक्यावर मुलाणींच्या दुकानात गेले. शब्बीर मुलाणी चाळिशीचे, अंगानं भरलेले, औषधाच्या पंपाची नळी साफ करत बसले होते.

"बसा, मॅडम. झुरळं का वाळवी?"

"क्लिक," मी म्हटलं, आणि पाकिटातून वीस रुपये काढून टेबलावर ठेवले. "मी तुमच्या जाहिरातीवर चार वेळा विनाकारण दाबलं. मुद्दाम. माझा गैरसमज झाला होता. चार पंचे वीस."

ते नळी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"सकाळी साडेसातच्या सुमाराला?"

"हो."

"ते तुम्ही होय! मी बायकोला म्हणतोय, कोणतरी गिऱ्हाईक आहे, रोज येतंय, झुरळ बघतंय आणि पळतंय." ते टेबलावर हात आपटून हसायला लागले. "आणि मॅडम, वीस नाही. माझा क्लिक अकराला पडतो. पोवई नाका आहे."

मी आणखी चोवीस रुपये काढायला लागले तर त्यांनी माझं पाकीट बंद करायला लावलं आणि चहा मागवला. मी त्यांना सगळं सांगितलं, गृहपाठापासून.

"तुम्ही तासांचा तक्ता बघत नाही का?" त्यांनी विचारलं. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि दाखवलं: कुठल्या तासाला किती क्लिक झाले, ते सगळं लिहिलेलं असतं. "पहिल्याच दिवशी हे बघितलं असतं तर सात ते आठमधले नऊ दिसले असते. पैसे कुठं जातात ते कळत नसलं तर कधी जातात ते बघायचं, मॅडम. आपोआप सापडतं."

चाळीस वर्षं शिकवल्यावर कोणाकडून तरी असा सरळ धडा घेताना मला मजा आली. उठताना त्यांनी विचारलं, "पोरगी खरंच माश्या मारत नाही?"

"एकही नाही."

"बरं आहे. मला भीती वाटते त्यांची. जाहिरातीत नुसतं लिहिलंय."

त्या दिवसापासून, म्हणजे अकरा तारखेपासून, खरे फोन यायला लागले. पहिला शाहूपुरीतल्या एका डॉक्टरांचा, गच्चीच्या टाकीखाली सातेरी माश्या. मग कोरेगाव रस्त्यावरचं मंगल कार्यालय. तिथे दोन दिवसांवर लग्न होतं आणि आग्या मोहोळ बरोबर बोहल्याच्या वर. मग एक शाळा. हेमा जाळीची टोपी घालून शिडीवर चढायची आणि संध्याकाळी येऊन वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ ओढायची. मुलं टाळ्या वाजवायची. सुभेदार फिरायला जाता-येता फाटकातून त्या रेघा मोजायचे आणि पुढे जायचे.

सत्तावीस तारखेला रेघा नऊ झाल्या.

"उद्याचा एक दिवस," हेमा म्हणाली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते. "एक फोन आला की झालं. बाई, येईल ना?"

"येईल," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी तिच्या खात्यातला तासांचा तक्ता उघडून बसले. रात्री कोणी शोधत नसेल तर तेवढा वेळ जाहिरात बंद ठेवू, उद्या दुपारी एखादा क्लिक जास्त मिळेल, असा माझा विचार. क्लिक दिवसभर विखुरलेले होते, दुपारी जास्त. पण एक रकाना वेगळा होता. पहाटे पाच ते सहा. त्यात रोज एक. अकराला एक, बाराला एक, तेराला एक, रविवारीही एक. मागे जाऊन पाहिलं तर चार तारखेपासून एक. मुलं नऊ आणि क्लिक दहा. गौतमी बरोबर होती.

पहाटे पाच ते सहा रोज पोळं कोणाला लागतं?

अठ्ठावीसला मी पाचला उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी दिवा न लावता उभी राहिले. साडेपाचला शेजारचं फाटक वाजलं. सुभेदार फिरून परत आले. पायरीवर बसले. बुटांच्या नाड्या सोडायच्या आधी खिशातून चष्मा काढला, मग मोबाइल. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी काहीतरी लिहिलं. मग ते बोट उचललं आणि परेडला सलामी द्यावी तसं ठामपणे दाबलं. मग मिनिटभर ते नुसते बघत बसले.

मी मोरीत जाऊन तोंडावर पदर धरून हसले. हसून झाल्यावर मला गणित सुचलं.

दिवसभर हेमाचा फोन वाजला नाही. म्हणजे दोनदा वाजला. एकदा तिच्या मावशीचा, एकदा चुकून लागलेला, कोणाला तरी पतपेढी हवी होती. पाच वाजता मी खातं पाहिलं. दहा क्लिक होऊन गेले होते. आता दहावं पोळं येणार नव्हतं. हेमा माझ्या व्हरांड्याच्या पायरीवर मांडीवर मोबाइल ठेवून बसली होती. तिला मी अजून काही सांगितलं नव्हतं.

मी शेजारच्या फाटकाशी गेले.

"सुभेदार, आज वर्गाची परीक्षा आहे. परीक्षक म्हणून याल का?"

"किती वाजता?"

"साडेपाच. संध्याकाळचे."

ते बरोबर पाच अठ्ठावीसला आले, इस्त्रीचा सदरा घालून. मी त्यांना खुर्ची दिली आणि फळ्यावर गणित लिहिलं.

"वाच गं, गौतमी. मोठ्यानं."

गौतमीनं वाचलं: "एका मुलीच्या जाहिरातीवर अठरा दिवसांत एकशे ऐंशी क्लिक झाले. त्यातले अठरा क्लिक एकाच गृहस्थांचे होते. ते रोज पहाटे साडेपाचला एकदा दाबत. त्यांच्या घरी पोळं नव्हतं. बाकीच्या क्लिकांमधून मुलीला नऊ पोळी मिळाली. या गृहस्थांचे अठरा क्लिक खऱ्या गिऱ्हाइकांना मिळाले असते, तर मुलीची एकूण पोळी किती झाली असती?"

मुलं वह्यांवर वाकली. सुभेदार ताठ बसले होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई," ओजस म्हणाला, "त्या गृहस्थांना दुसरा काही कामधंदा नाही का?"

सुभेदारांना खोकला आला.

"गणित सोडव, ओजस."

"पण पोळं नाही तर दाबतात कशाला? वेडे आहेत का?"

"ओजस!"

पायरीवरची हेमा हळूहळू वळली होती. ती फळा वाचत होती.

गौतमीनं हात वर केला. "एकशे ऐंशीतून अठरा गेले, एकशे बासष्ट. एकशे बासष्ट क्लिकांना नऊ पोळी, म्हणजे अठरा क्लिकांना एक. गृहस्थांचे अठरा. म्हणजे त्यांनी एक पोळं खाल्लं. नऊ आणि एक, दहा."

"सुभेदार," मी म्हटलं, "तुम्ही परीक्षक. बरोबर आहे का?"

ते उठून फळ्याजवळ गेले. हात मागे बांधून त्यांनी गणित पहिल्यापासून वाचलं. एकदा, मग परत एकदा.

"गणित चुकलंय," ते म्हणाले.

हेमाचा चेहरा पडला.

"कुठे चुकलंय?" मी विचारलं.

त्यांनी खडू उचलला, 'साडेपाच'वर काट मारली आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'पाच पस्तीस.'

"फिरून यायला तेवढे होतात," ते म्हणाले. "बाकी उत्तर बरोबर आहे. दहा."

"अप्पा?" हेमा उभी राहिली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून मोबाइल काढला आणि फळ्याकडे तोंड करूनच बोलले. "चेअरमनसाहेब, सुभेदार बाबर. उद्या मुलगी हजर होणार नाही. नाही, आजारी नाही. तिला दिलेलं काम तिनं पूर्ण केलंय. हो, वेळेत. जय हिंद."

घड्याळात सहाला दहा कमी होते. मुलांनी जो आरडाओरडा केला तो बहुधा पोवई नाक्यापर्यंत गेला असेल. गौतमी मात्र अजून फळ्याकडे बघत होती.

"आजोबा, ते गृहस्थ तुम्ही होतात?"

"होतो."

"मग तुम्ही रोज का दाबायचात?"

सुभेदारांनी खडू जागेवर ठेवला. बोटं झटकली.

"फोटो बघायला."

हेमाच्या त्या पानावर खाली एक फोटो होता. महाबळेश्वरला कोणीतरी काढलेला. ती शिडीवर उभी, जाळी डोक्यावर मागे टाकलेली, दोन्ही हातांत माश्यांची पेटी, आणि ती खदखदून हसतेय.

"पण हेमाताई तर तुमच्या घरीच असते," गौतमी म्हणाली.

"असते," सुभेदार म्हणाले. "घरात ती अशी हसत नाही."

हेमा दोन पायऱ्या चढून वर आली आणि वडिलांसमोर उभी राहिली. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"अप्पा, दर वेळी पाच रुपये जात होते."

"कोणाचे?"

"माझे."

सुभेदारांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "महाग नाही."